दहाव्याच्या हाती नारळ

गेल्या वर्षी भाऊबीजेला मी कोथरूडला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळून झाले, ताटात करंज्या-चिरोटे आले, आणि भाचेबुवा पाट सरकवून माझ्याजवळ येऊन बसले. हा मुलगा एका संगणक-कंपनीत आहे. हाताखाली दहा माणसे आहेत. एरवी फराळाला बसला की चकलीखेरीज दुसरा विषय न काढणारा हा गडी त्या दिवशी गप्प गप्प होता. काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. एक सांगा. दहा माणसांतला सगळ्यांत वाईट कसा ओळखायचा?"

"वाईट म्हणजे? चोर? कामचुकार?"

"तसा एकही नाही. दहाही जण काम करतात. पण मार्चअखेर मला त्यांची उतरंड लावून द्यायची आहे, आणि जो तळाशी येईल त्याला नारळ."

मास्तरकीची खोड जाता जात नाही. मी त्याला रोमन लोकांची गोष्ट सांगितली. त्यांच्या फौजेत एखादी पलटण रणातून पळाली, तर सगळ्यांना शिक्षा देणे परवडत नसे. म्हणून दर दहांत एक माणूस काढीत आणि त्याच्या नऊ सोबत्यांकडूनच त्याला दगडा-काठ्यांनी मारवीत. उरलेल्यांना गव्हाऐवजी जव खायला घालीत. हा प्रकार मागे पडला होता. पण ख्रिस्तपूर्व ७१ च्या सुमारास स्पार्टाकसच्या बंडात क्रॅससने तो पुन्हा उकरून काढला. "फक्त एक ध्यानात ठेव," मी म्हणालो, "तिथे दहावा माणूस चिठ्ठ्या टाकून ठरवीत. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघे, तो बाकीच्या नऊ जणांपेक्षा वाईट आहे असे कुणी म्हणत नसे."

मला वाटले, हा हसेल. तो हसला नाही. "आमच्याकडे तेवढीही सोय नाही," म्हणाला आणि उठून गेला.

घरी परतलो, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मग हिवाळाभर मी ह्या दहाव्या माणसाचा माग काढीत बसलो. आमच्या वडिलांच्या वेळी गिरणीत कुणाला ठेवायचे नि कुणाला काढायचे हे जॉबरच्या मर्जीवर असे. पण मर्जी ही मर्जीच आहे, शास्त्र नव्हे, हे जॉबरलाही ठाऊक होते नि कामगारालाही. ह्या मर्जीला गणिताचा अंगरखा कुणी चढवला, हे मला पाहायचे होते. माग काढता काढता मी जाऊन पोहोचलो तो अमेरिकेतल्या पिट्सफील्ड नावाच्या गावी, १९६० साली.

तिथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्लॅस्टिकच्या खात्यात जॅक वेल्च नावाचा एक तरुण रसायन-अभियंता नुकताच लागला होता. बाप रेल्वेत कंडक्टर. पोरगा शिकून डॉक्टरेट घेऊन आलेला. पगार वर्षाला १०,५०० डॉलर. वर्ष सरले, हजार डॉलरची बढती मिळाली, स्वारी खूश झाली. आणि मग कळले की त्या कचेरीतल्या साऱ्यांनाच तेवढीच बढती मिळाली आहे. झाले! ह्याने रागारागाने राजीनामा दिला. मी यांच्याहून सरस असताना मला यांच्या पंक्तीला का बसवता, हे त्याचे म्हणणे. वरच्या साहेबाने त्याला जेवायला नेले, समजूत घातली, बढती वाढवून दिली, तेव्हा गडी राहिला. पुढच्या साऱ्या कथेचे बीज मला ह्या हजार डॉलरांत दिसते.

पण मला त्याहून मौजेची वाटली ती १९६३ सालची हकीकत. वेल्च ज्या प्रायोगिक कारखान्याचा प्रमुख होता, तिथे स्फोट झाला. छप्पर उडाले, वरच्या मजल्याच्या काचांचा चुरा झाला. सुदैवाने कुणाला मोठी इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या शंभर मैल मोटार हाकीत ब्रिजपोर्टला वरिष्ठांपुढे उभा राहायला गेला. नोकरी गेलीच, असे धरून चालला होता. ते वरिष्ठ, चार्ली रीड, स्वतः रसायनशास्त्रातले जाणकार. त्यांनी आवाज चढवला नाही. स्फोट का झाला, ती प्रक्रिया बदलता येईल का, तुला ह्यातून काय समजले, असे प्रश्न विचारीत बसले आणि त्याला परत कामावर पाठवले. वेल्चने स्वतःच हे पुढे आत्मचरित्रात कृतज्ञतेने लिहिले आहे. त्या वर्षी पिट्सफील्डला कुणी उतरंड लावली असती, तर छप्पर उडवणारा माणूस कितव्या मडक्यावर गेला असता, हे वाचकांनीच ठरवावे.

१९८१ च्या एप्रिलमध्ये हाच वेल्च ४५ व्या वर्षी त्या अवाढव्य कंपनीचा सर्वाधिकारी झाला. १९८० च्या अखेरीस तिथे सुमारे ४ लाख ११ हजार माणसे होती. १९८५ च्या अखेरीस उरली सुमारे २ लाख ९९ हजार. काही खाती विकली म्हणून माणसे गेली, पण बहुतेकांना सरळ घरी पाठवले. त्या काळात न्यूट्रॉन बाँबची फार चर्चा होती. माणसे मरतात आणि इमारती तशाच उभ्या राहतात असा तो बाँब. तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याचे 'न्यूट्रॉन जॅक' असे बारसे करून टाकले. ते नाव त्याला शेवटपर्यंत झोंबत राहिले.

मात्र ती झाली मंदीतली काटछाट. तशी काटछाट अनेकांनी केली आहे. वेल्चची स्वतःची म्हणावी अशी करणी निराळी. त्याने ठरवले, धंदा तेजीत असो की मंदीत, दरसाल प्रत्येक खात्याने आपल्या माणसांचे तीन वाटे करायचे: वरचे २० टक्के, मधले ७० टक्के आणि तळाचे १० टक्के. वरच्यांवर पैशांचा पाऊस पाडायचा, मधल्यांना उत्तेजन द्यायचे, तळाच्यांना निरोप. घंटेसारखी दिसणारी जी आलेखाची रेघ गणिताच्या पुस्तकात असते, तिच्यावरून हे वाटे बेतलेले. त्या रेघेला त्याने नाव दिले चैतन्याची वक्ररेषा!

त्याची बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती अगदीच पोकळ नाही. शाळेत पहिलीपासून मुलांना गुण देता, नंबर लावता. मग नोकरीत लागल्यावर हे का थांबावे? आणि ज्याचे इथे जमत नाही त्याला तिशीत खरे सांगणे बरे, की खोट्या भिडेपोटी ठेवून घेऊन पन्नाशीत, पोरांच्या शिक्षणाचा डोंगर डोक्यावर असताना, रस्त्यावर सोडणे बरे? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. मीही तीस-पस्तीस वर्षे वर्गात नंबर लावले आहेत. पण मग माझ्या ध्यानात आले की माझ्या वर्गातला शेवटचा मुलगा पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्गात जात असे, निदान त्याच वर्गात परत बसत असे. शाळा दरसाल पटावरचा दहावा भाग गेटाबाहेर काढीत नव्हती.

पहिल्या वर्षी हे सोपे गेले, असे वेल्च सांगतो. दहा माणसांत एखादा खरोखरीचा दगड असतोच. तो दाखवला आणि सुटले. दुसऱ्या वर्षी जड जाऊ लागले. तिसऱ्या वर्षी तर रणच माजले; कारण दगड केव्हाच संपले होते, आता चांगल्यांतून वाईट काढायचे होते. आणि जो खातेप्रमुख नाव देणार नाही, तो स्वतःच तळाच्या वाट्यात जाण्याचे भय. मग खातेप्रमुखांनी, कुठल्याही मुलखातला कारकून करील तेच केले. आधीच निवृत्त व्हायला निघालेल्यांची नावे यादीत घातली. एका खात्याने तर कमालच केली. ज्या माणसाला मरून दोन महिने झाले होते, त्याचेच नाव तळाच्या दहांत लिहून दिले! कागदी घोडे नाचवण्याची विद्या आपल्याच देशात आहे, असा माझा समज होता. तो गेला. मला मात्र त्या खातेप्रमुखाचा राग येत नाही. मेलेल्याची नोकरी घालवून त्याने एका जिवंत माणसाची वाचवली.

वेल्च २००१ च्या सप्टेंबरात निवृत्त झाला तोवर कंपनीची बाजारातली किंमत सुमारे १,४०० कोटी डॉलरांवरून ४०,००० कोटींच्या घरात पोहोचली होती. एवढे यश दिसल्यावर कोण विचारतो की ते नेमके कशामुळे आले? लोकांनी उतरंड उचलली आणि आपापल्या घरी नेली.

सगळ्यांत उत्साहाने उचलली ती ह्यूस्टनच्या एनरॉनने. आपल्याकडे दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे हे नाव घरोघरी पोहोचले होते. तिथे जेफ्री स्किलिंग ह्या अधिकाऱ्याच्या अमदानीत वर्षातून दोनदा समिती बसे आणि माणसांना १ ते ५ असे आकडे देई. सुमारे १५ टक्के माणसे सर्वांत खालच्या आकड्यात बसवलीच पाहिजेत असा दंडक होता. आता गंमत पाहा. माणसाचा आकडा त्याने केलेल्या सौद्याच्या नफ्यावर, आणि तो नफा सही झाली त्याच दिवशी कागदावर मांडायचा. पैसा पुढच्या वीस वर्षांत येवो न येवो. हे सौदे तपासायला जे हिशेबनीस बसवले होते, त्यांची इयत्ता ठरवताना सौदे करणाऱ्यांचाही शब्द चाले. तेव्हा 'हा सौदा पोकळ आहे' असे म्हणणाऱ्याने आपल्याच हाताने आपला नारळ सोलायला घेतला, असा अर्थ होई. एका नामांकित मासिकाने लागोपाठ सहा वर्षे ज्या कंपनीला अमेरिकेतली सर्वांत कल्पक म्हणून गौरवले, तिच्या हिशेबात पाणी आहे हे आतल्या एका बाईने, शेरॉन वॉटकिन्सने, २००१ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्षांना लिहिले. तेही प्रथम नाव न घालता. २ डिसेंबर २००१ ला दिवाळे निघाले. मग वरचे, मधले, तळाचे असा भेद राहिला नाही. लगोलग सुमारे ४,००० माणसे एकदम घरी गेली.

एनरॉनमध्ये लबाडी होती, तिची सारी जबाबदारी उतरंडीवर टाकता येणार नाही. पण लबाडी पाहणारी तोंडे कशी शिवली गेली, ते मात्र इथे दिसते.

फोर्डने २००० साली १८,००० अधिकाऱ्यांना अ, ब, क अशा श्रेण्या लावल्या. दहांतला एक 'क' असलाच पाहिजे. 'क' वाट्याला आला की बोनस नाही, आणि लागोपाठ दुसऱ्यांदा आला तर नोकरीवर गदा. वर्षाच्या आत कोर्टात दावे पडले. पिकल्या केसांच्याच माणसांना 'क' का मिळतो, हा सवाल होता. २००१ मध्ये श्रेण्या मोडीत निघाल्या आणि पुढे १ कोटी ५ लाख डॉलर मोजून दावे मिटवावे लागले. मायक्रोसॉफ्टने हाच खेळ कितीतरी वर्षे खेळला. तिथे घडले ते अधिक सूक्ष्म, आणि आमच्या भाच्याच्या उपयोगाचे. हुशार माणसे हुशार माणसांबरोबर काम करायचे टाळू लागली. कारण दहाही जण हिरे असले तरी त्यांतला एक तळाला जाणारच. शेजाऱ्याला मदत करणे म्हणजे त्याला आपल्या वर ढकलणे. २०१३ च्या नोव्हेंबरात त्या कंपनीने ही पद्धत सोडून दिली. खुद्द जनरल इलेक्ट्रिकनेही तोवर ती सोडली होती. पुढे २०१८ साली त्या कंपनीचे नाव प्रतिष्ठितांच्या डाऊ निर्देशांकातून निघाले आणि २०२४ साली ती तीन तुकड्यांत वाटली गेली. पण त्याला सावकारी धंद्याचा अतिलोभ अधिक कारण झाला. ते खापर मी दहाव्या माणसाच्या यादीवर फोडणार नाही.

आमच्या आजीच्या माजघरात मडक्यांची उतरंड होती. तळाच्या मडक्याला कुणी हात लावला की आजी चुलीपुढून ओरडे. असो.

हे सारे वाचताना मला राहून राहून आश्चर्य वाटत होते ते एका गोष्टीचे. ह्या फोर्ड कंपनीनेच १९८१ साली ज्या म्हाताऱ्याला सल्ल्यासाठी बोलावले होते, त्याने हे सर्व आधीच सांगून ठेवले होते! एडवर्ड्‌स डेमिंग हे त्याचे नाव. जन्म १९०० चा. १९५० साली जपान युद्धातून नुकता सावरत असताना तिथल्या कारखानदारांना ह्याने संख्याशास्त्र शिकवले. जपानी लोकांनी १९५१ पासून त्याच्या नावाने पारितोषिक सुरू केले. मायदेशी मात्र त्याला १९८० साली, ऐंशीव्या वर्षी, एका दूरदर्शन कार्यक्रमामुळे ओळखू लागले. वर्षाच्या वर्षाला माणसांची प्रतवारी लावणे हा धंद्याला जडलेला जीवघेणा रोग आहे, असे तो व्याख्यानांतून सांगे, आणि सांगून भागत नसे म्हणून एक खेळ करून दाखवी.

तो खेळ मी संक्रांतीला बहिणीच्या घरी मांडला. डेमिंग एका पेटीत हजारो मणी घेई, पाचांत एक लाल, बाकी पांढरे. आणि ५० खळग्यांची एक फळी. मी बाजारातून हलवा आणला: चार वाट्या पांढरा, एक वाटी लाल. सारे एका डब्यात कालवले. फळीऐवजी खोकल्याच्या औषधाचे मापाचे झाकण. त्यात पन्नासेक दाणे मावत. कमी-जास्त झाले तर डोळे मिटून पन्नास करायचे. नियम एवढाच, की आपला कारखाना पांढरा माल बनवतो, लाल दाणा म्हणजे खराब माल. मी झालो मुकादम. कामगार सहा: बहीण, मेहुणे, भाचा, सूनबाई आणि शेजारची दोन मुले.

पहिल्या फेरीत बहिणीला ७ लाल आले, मेहुण्यांना १२, भाच्याला ९, सूनबाईंना ११, थोरल्या मुलाला १४ आणि धाकट्याला अवघे ५. मी धाकट्याची पाठ थोपटली, त्याला एक तिळगूळ बक्षीस दिला आणि थोरल्याला सर्वांदेखत तंबी दिली. दुसऱ्या फेरीत बक्षीसवाल्याला १३ आले आणि तंबीवाल्याला ८. म्हणजे बक्षिसाने माणूस शेफारतो आणि तंबीने सुधारतो, असा निष्कर्ष मी गंभीरपणे जाहीर केला. आमच्या भाच्याला तिसऱ्या फेरीत १५ आले. तो हातातले झाकण उलटेसुलटे करून पाहू लागला, पुढच्या खेपेला हळूच तिरके धरू लागला. बहीण मात्र चिडली. "अरे, डब्यात आहेत तेच येणार ना वर? त्यात माझा काय दोष?"

तीन फेऱ्यांची बेरीज करून मी तळाच्या तिघांना काढून टाकले: मेहुणे, भाचा आणि धाकटा मुलगा. आता कारखान्यात फक्त उत्तम माणसे उरली. त्यांनी दुप्पट काम करायचे. सहा झाकणे भरली. लाल आले ११, ८, १२, ९, ७ आणि १३. सरासरी होती तीच, दहा. गणित सांगते की अशा डब्यातून पन्नास दाणे काढले तर निव्वळ योगायोगाने दोनापासून अठरापर्यंत कितीही लाल येऊ शकतात. त्यात कुणाच्या हाताचे कसब नाही की आळस नाही. कारखान्याचा उरलेला कच्चा माल शेजारच्या मुलांनी खाऊन टाकला.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, पण माणसे म्हणजे काही दाणे नव्हेत. थोडाफार फरक असतोच."

"असतो," मी म्हणालो. "तुझ्या आकड्यांत त्यातला किती दिसतो?"

त्याने उत्तर दिले नाही. मार्चमध्ये त्याने यादी पाठवली. नाव द्यायचेच होते, त्याने दिले. मला फोनवर सांगितले तेव्हा आवाज कोरडा होता. माणूस चाळिशी उलटलेला, मितभाषी. त्याच्या नावावर वर्षभरात सर्वांत कमी कामे जमा झाली होती. मी काय बोलणार? मी कधी कुणाच्या पोटावर पाय देण्याच्या जागी बसलो नाही. शहाणपण सांगणे मला सोपे होते.

पावसाळ्यात एकदा रात्री दहाला भाच्याचा फोन आला, तो कचेरीतूनच. काहीतरी अडले होते, कुणालाच सुटत नव्हते. बोलता बोलता त्याला सांगावेसे वाटले असावे. तो गेल्यापासून नवी पोरे सारखी अडतात. मग चौकशी करता कळले की अडले की सगळी त्याच्याच मेजाशी जात. तो आपले काम बाजूला ठेवून त्यांचे सोडवून देई, आणि काम जमा होई त्या पोरांच्या नावावर. "आणि आता," भाचा म्हणाला, "कुणी कुणाला विचारतच नाही. मीटिंगमध्ये अडचण आहे का विचारले, तर सगळे नाही म्हणतात."

गेलेल्या गृहस्थांना दुसरीकडे नोकरी लागली का, असे मी विचारले. भाच्याला ठाऊक नव्हते. आठवड्याने त्याने कळवले की लागली आहे, पगार कमी आहे. हे विचारायला त्याने स्वतः फोन केला होता.

त्यांच्या जागी नवा माणूस आला. पुन्हा दहा झाले. यंदाही यादी मागितली आहे. गेल्या आठवड्यात भाऊबीजेचा बेत ठरवायला फोन झाला, तेव्हा भाच्याने सहज सांगितले की त्याच्यासारखे दहा टोळीप्रमुख त्याच्या साहेबांच्या हाताखाली आहेत, आणि साहेबांनाही एक नाव द्यायचे आहे.

"मग?" मी म्हणालो.

"मग काही नाही. साहेबांना म्हटले, यादी करण्यापूर्वी अर्धा तास द्या, एक खेळ दाखवतो. तुम्ही येताना हलवा घेऊन याल का?"

दिवाळीत हलवा कुठला मिळायला! मी तसे म्हणालो. त्यावर पलीकडून बहिणीचा आवाज आला: साबुदाणा आणि मसूर चालतील म्हणावे, झाकण मी धुऊन ठेवले आहे.